एका चुलीची खोली

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या नाक्यावर घरांच्या योजनेचा नवा फलक लागला आहे. नवरा, बायको, दोन पोरं, सगळे दात काढून हसताहेत, मागे गुलाबी रंगाची इमारत. एवढ्या कमी सामानाचं कुटुंब मी आयुष्यात पाहिलं नाही. ना एक पेटी, ना एक गोधडी, ना गावाहून आलेला मेव्हणा. मी रोज दूध आणायला जातो तेव्हा त्या चौघांकडे बघून खाली थुंकतो. सून म्हणते, बाबा, लोक बघतात. बघू देत. मी चौथी नापास माणूस, मला शिष्टाचार कोणी शिकवलाच नाही. विमल होती तोवर ती माझ्या वतीने लोकांशी नीट बोलायची. ती गेली आणि माझं तोंड उघडं पडलं. आता त्या तोंडाला काही काम हवं, म्हणून आमच्या वाट्याला आलेल्या खोलीची गोष्ट लिहून ठेवतो. योजनावाले आपल्या पुस्तकात ती लिहिणार नाहीत.

आम्ही खानदेशातून आलेली माणसं. एका पूर्वजाची सगळी भाऊबंदकी उधन्याच्या बाजूला एका खाडीकाठी झोपड्या घालून राहत होती. झोपड्या दहा-अकरा असतील. भिंती बांबूच्या चटयांच्या, वर पत्रा, दाराला गोणपाट. पुरुष सगळे खात्यात. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातंच म्हणतात. मीही मिसरूड फुटण्याआधीच खात्यात शिरलो. मागांचा खडखडाट डोक्यात असा बसायचा की घरी आल्यावरही आम्ही ओरडूनच बोलायचो. बाहेरच्याला वाटायचं भांडण चाललंय, आणि आम्ही विचारत असायचो की डाळीत मीठ आहे का. माय पहाटे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, वर मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. दिवसपाळीचा उठला की त्याच्या गरम गोधडीत रातपाळीचा शिरायचा. गोधडी कधी गार झाल्याचं मला आठवत नाही. लग्न झालेल्यांचे हाल तर विचारू नका. गोणपाट वाऱ्याने हलला तरी म्हातारे खोकायचे, आणि म्हाताऱ्यांच्या खोकल्याने आमच्या भाऊबंदकीत किती लेकरं जन्मायची राहिली हे कानबाईलाच माहीत.

माझी सोयरीक नंदुरबारकडची ठरली. मुलगी विमल, तिचा बाप रेल्वेच्या रुळांवर गँगमन. तो घर बघायला आला. चहा प्याला, मायच्या हातची शेवभाजी खाल्ली, बोटं चाटली आणि मग झोपडीभोवती एक फेरी मारून आला. गोणपाट दोन बोटांनी उचलून म्हणाला, "दार कोठे से?" माझा बाप म्हणाला, "हेच दार." तर तो म्हणाला, "व्याही, हे फडकं आहे. माझी पोर मी फडक्याच्या मागे देणार नाही. कडी लागेल असं दार झालं की निरोप धाडा, मी लगेच लग्न लावून देतो." माणूस वाईट नव्हता. रात्रंदिवस फाटक राखणाऱ्यांमध्ये राहिलेला, त्याला उघडं-बंद एवढंच कळायचं. पण माझं लग्न त्या कडीवर येऊन अडकलं. विमलला मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही चहाची कपबशी ठेवताना तिचे हात. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

त्याच सुमाराला आमच्या खाडीवर योजनावाले उगवले. आधी एक बाई आली. समाजसेवेची. पांढरी कडक साडी, काळी पर्स, पायात उंच टाचा, आणि खाडीचा चिखल. ती रोज एक टाच चिखलात सोडून जायची आणि आमची पोरं ती काढून धुऊन परत द्यायची. तिने सगळ्या बायकांना गोळा करून पाणी उकळून प्यायला सांगितलं. माझ्या मायने विचारलं, "बाई, लाकडं तुम्ही आणणार का?" बाई हसली आणि म्हणाली की तुम्ही लोक फार विनोदी आहात. माय विनोद करत नव्हती. मग बाईने हिरव्या भाज्या खा म्हणून सांगितलं, हात साबणाने धुवा म्हणून सांगितलं, आणि शेवटी कामाचं सांगितलं, की या सगळ्या झोपड्या हलणार आहेत आणि ज्याचं त्याचं घर मोजून प्रत्येक कुटुंबाला पक्की खोली मिळणार आहे. सिमेंटची भिंत, लाकडी दार, आतून कडी. कडी हा शब्द ऐकला आणि मी त्या बाईच्या पाया पडायचा बाकी राहिलो. मोजणीदार येईल म्हणाली. कधी येईल ते तिला माहीत नव्हतं. योजनेत सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त कधी ते नसतं.

मोजणीदार आला तो कानबाईच्या दिवशी. बाकी वर्ष त्याला मोकळं होतं. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात, नागपंचमी झाली की आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोरलं, हिरवं लुगडं. त्या दिवशी रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढायचे, ते एकत्र दळायचे, आणि त्याच्याच पुरणपोळ्या, त्याचीच खीर. आमच्या भाऊबंदकीत आणखी एक रीत. रोट एकाच चुलीवर रांधायचा. त्या दिवशी बाकीच्यांनी चूल पेटवायची नाही. सगळ्या झोपड्यांतल्या चुली सारवून, रांगोळी घालून थंड ठेवायच्या आणि सगळ्यांनी आमच्या अंगणात जेवायचं. आणि रोट हा घरचा घास. भावकीबाहेरच्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही, मग तो राजा का असेना. सकाळपासून पाऊस, अंगणावर ताडपत्री, खाली सगळी भाऊबंदकी मांडीला मांडी लावून, बायका कानबाईची गाणी म्हणताहेत, पुरणाचा वास पार रेल्वेच्या रुळापर्यंत. त्यात छत्री मिटत तो आला. बारीक मिशीवाला, खिशात दोन पेनं, बुटांत खाडी.

आमच्यात वडीलधारा आण्णा. माझ्या बापाचा थोरला भाऊ. बायको गावी असतानाच वारली, मूलबाळ नाही, पण सगळ्या भाऊबंदकीचा बाप. त्याने फेटा बांधला होता. मोजणीदाराला पाट दिला, चहा दिला. पण त्याचं लक्ष पुरणावर. "प्रसाद तो आपो, काका," तो म्हणाला. आण्णाने हात जोडले. "साहेब, दुसरं काहीही मागा. रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत. हा फक्त घरच्यांनी खायचा."

मोजणीदाराने पंगतीवर नजर फिरवली. "आ बधा खाय छे ने? आ बधा एक ज घरना?"

आता इथे आण्णाने मान खाली घातली असती तर माझं आयुष्य निराळं झालं असतं. पण कानबाईच्या दिवशी, सगळी भावकी समोर बसलेली असताना, एखाद्या परक्याने विचारलं की हे सगळे एक घर आहेत का, तर खानदेशातला कुठला वडीलधारा नाही म्हणेल? आण्णाने फेटा सावरला आणि छाती काढून म्हणाला, "आठे बठा एकच घर से, साहेब. एकच चूल. खोटं वाटत असेल तर फिरून बघा. या चुलीशिवाय दुसरीकडे विस्तव सापडला तर माझं नाव बदला."

आणि तो मूर्ख खरंच फिरून आला. प्रत्येक झोपडीत वाकून चुलीत बोट घालून बघितलं. सगळ्या थंड, सगळ्यांवर रांगोळी. योजनावाल्यांचा नियम असा की जितक्या चुली तितकी कुटुंबं. त्याने बोट धोतराला पुसावं तसं पँटला पुसलं आणि आमच्या सगळ्यांचं मिळून एक कुटुंब करून निघून गेला. माझा चुलतभाऊ सुपडू त्याला छत्री धरून रुळापर्यंत सोडून आला, वर म्हणाला, साहेब चांगला माणूस आहे, चुलींचीही चौकशी केली. पुढे लोक मला म्हणायचे, पुरण मिळालं नाही म्हणून त्याने डूख धरला. मला नाही वाटत. डूख धरायला थोडं डोकं लागतं.

खोल्यांच्या चाव्या द्यायचा कार्यक्रम झाला तेव्हा आम्हाला हे कळलं. मोठा मंडप, लाऊडस्पीकर, हार, नारळ. आमच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून गेल्या होत्या, कारण प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या नवऱ्याच्या हातात चावी पडणार. बाईने लाऊडस्पीकरवर आण्णाचं नाव घेतलं आणि म्हणाली, आता हे कुटुंब उठून उभं राहील. आमची अख्खी भाऊबंदकी उभी राहिली. मंडपातल्या अर्ध्या बैठका रिकाम्या झाल्या. व्यासपीठावरचे पाहुणे टाळ्या वाजवायचे थांबले. आण्णाच्या गळ्यात हार पडला, हातात एक चावी पडली, आणि तो पुढच्या चावीसाठी हात तसाच पसरून उभा राहिला. बाईने हळूच त्याला कडेला केलं.

आण्णा दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. मीही बरोबर होतो. तिथल्या साहेबाला आण्णाने कानबाई समजावून सांगितली. रोट, मुठी, थंड चुली, सगळं. साहेबाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "तुम्हीच सांगितलं ना एक चूल म्हणून? आता देवीच्या दिवशी खोटं बोललात असं लिहून देता का?" आण्णाने चावी कोपरीच्या खिशात घातली आणि उठला. नंतर झोपड्या पाडायला माणसं आली. आम्ही आपले बांबू, पत्रे डोक्यावर घेऊन खाडी ओलांडली आणि पलीकडच्या काठावर परत त्याच झोपड्या घातल्या. अलीकडचा काठ मोकळा झाला, तिथे योजनेचा फलक लागला की ही वस्ती आता राहिली नाही. आम्ही पलीकडे बसून तो फलक रोज बघायचो. वाचता येणारे कमीच होते म्हणून फारसं वाईट वाटलं नाही.

राहिली ती एक खोली. ती पार कतारगामच्या अंगाला. आमची खाती शहराच्या या टोकाला आणि खोल्या त्या टोकाला, हीसुद्धा कुणाची तरी हुशारी. पण खोली म्हणजे खोली. भाऊबंदकीत पहिल्यांदा भांडण पेटलं. हा म्हणे माझी पोरं जास्त, तो म्हणे माझी आई आजारी, तिसरा म्हणे मी खाडी ओलांडताना पाय मोडून घेतला. आण्णा मध्ये बसून ऐकत होता. एका चुलीची बढाई त्याने मारली आणि आता तीच चूल त्याच्यासमोर फुटत होती. तेव्हा माझी माय बोलली. भाकरी थापता थापता, वर न बघता बोलली. "खोली कोनीच नही. नवा जोडानी." ज्याचं लग्न होईल त्याने बायकोला घेऊन तिथे राहायचं. पुढचं लग्न ठरलं की चावी पुढच्याला द्यायची आणि खाडीवर परत यायचं. "आम्ही गोणपाटाच्या मागे काढली," माय म्हणाली, "पोरींना निदान सुरुवातीला तरी दार मिळू दे." भांडण तिथेच थांबलं, कारण प्रत्येकाच्या घरी एक तरी लग्नाचा होताच.

पहिला नंबर माझा. विमलचा बाप आला, कतारगामला जाऊन त्याने कडी लावून बघितली, काढून बघितली, परत लावली. रेल्वेच्या माणसाने फाटक तपासावं तशी. "चालेल," म्हणाला. मायने विमलला मात्र लग्नाआधीच खरं सांगून ठेवलं होतं की दार थोड्या दिवसांचं आहे. विमलने ते बापाला सांगितलं नाही. हे मला तिने फार वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "बाबांना दार पाहिजे होतं. मला नुसतं दार थोडंच पाहिजे होतं?" असं बोलायची ती, आणि मग लगेच म्हणायची, भाजी काय करू.

त्या खोलीत आम्ही जे दिवस काढले त्यावर मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ओटा उभ्याने रांधायचा होता आणि विमलला उभ्याने भाकरी थापता येईना, म्हणून ती शेगडी घेऊन ओट्यावरच चढून बसायची, मचाणावर बसल्यासारखी, आणि मी खालून ताट वर करायचो. खिडकी संडासांकडे होती. ज्याने नकाशा काढला त्याने वास कागदावर काढला नसणार. खात्यातून सायकल मारत यायला जीव निघायचा. पण मी आलो की ती आतून विचारायची, "कोण?" मी म्हणायचो, मी. मग कडी वाजायची. आमच्या सगळ्या खानदानात नवऱ्याला कोण म्हणून विचारणारी ती पहिली बायको.

एकदा मी खात्यात असताना समाजसेवेची बाई तपासणीला आली. विमलनेच मला संध्याकाळी सगळं सांगितलं. बाईने विचारलं, तुझ्या घरवाल्याचं नाव काय. आता आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. विमल गप्प. "अरे बोल ना, नाव बोल." विमल म्हणाली, आमच्यात घेत नाहीत. बाईने कपाळाला हात लावला, पर्समधून कागद काढला आणि आण्णाचं नाव वाचून म्हणाली, "ये ही ना?" विमलच्या कानावर चुलतसासऱ्याचं नाव पडलं तशी तिने पदर पार छातीपर्यंत ओढला. बाईला वाटलं, लाजली. कागदावर खूण करून निघून गेली. विमल हसून हसून ओट्यावरून पडायची राहिली. आम्हाला वाटलं, आपण त्यांना फसवलं.

मग सुपडूचं लग्न ठरलं. आम्ही चावी दिली आणि खाडीवर आलो. गोणपाट बाजूला करून आत शिरताना विमल म्हणाली, "कडी तरी उपटून आणायची होती." नंतर कधी तिने त्या खोलीचं नाव काढलं नाही. सुपडूची बायको आली, तिच्यानंतर आणखी कुणाची. दरवेळी बाई यायची, नाव विचारायची, पोरगी गप्प बसायची, बाई आण्णाचं नाव घ्यायची आणि पोरगी पदर ओढायची. एकीलाही शिकवावं लागलं नाही. शेवटी एकदा आण्णा नव्या सुनेसाठी ज्वारीचं पीठ घेऊन गेला होता आणि बाई दारातच भेटली. हार घातलेला माणूस तिच्या बरोबर लक्षात होता. तिने पिकलेल्या मिशा बघितल्या, आत कोवळी पोर बघितली, आधीच्या पोरी आठवल्या, आणि भर चाळीत त्याच्यावर तुटून पडली. "काका, शरम नथी आवती? इस उमर में? हर बार नई?"

आण्णाला सगळं एका क्षणात कळलं. सुपडू तिथे होता, तो सांगायचा की आण्णा तोंड उघडणार होता. खरं सांगितलं असतं तर खोली जागच्या जागी गेली असती, कारण ज्याची खोली त्यानेच राहायचं असा नियम. आण्णाने आत उभ्या असलेल्या पोरीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि मान खाली घातली. कानबाईच्या दिवशी जी घालायला हवी होती, ती मान त्याने त्या दिवशी घातली. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं हसत होती. बाई म्हणाली, लग्नं करता ती करता, निदान पैदास तरी थांबवा, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर खोली खाली करा.

त्या दिवसांत ऑपरेशनची मोठी टूम होती. शिबिरं लागायची, माणसं गोळा करून न्यायचे, वर काही भेट द्यायचे. आण्णाला घरात सगळ्यांनी सांगितलं, जाऊ नका, खोली गेली खड्ड्यात. माझा बाप रडला. आण्णा म्हणाला, "घर एक आहे असं मी सांगितलं ना? मग भरपाईही मीच करणार." बायको जाऊन पंचवीसेक वर्षं झालेला, मूलबाळ नसलेला म्हातारा, त्याची नसबंदी करून योजनेने देशाची लोकसंख्या आटोक्यात आणली. परत आला तेव्हा हातात वनस्पती तुपाचा डबा होता. मायच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, जड उचलायचं नाही. हा डबा जड आहे का बघ." कोणी हसलं नाही. मग तोच हसला, म्हणून आम्ही हसलो.

त्या वर्षीच्या रोटाला तेच तूप. गहू काढायला बायका बसल्या तेव्हा सुपडूला चेष्टा सुचली. म्हणाला, "काकू, पुरुषागणिक मूठ ना? मग आण्णाची धरायची का आता?" मायने हातातलं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला. मग तिने पहिली मूठ आण्णाच्या नावाने घातली, आणि दुसरीही त्याच्याच नावाने घातली, आणि मग बाकीच्यांच्या. त्यानंतर दर वर्षी तसंच. माय गेली तेव्हा विमलने तसंच चालवलं. आण्णा वारला आणि खोली योजनेने परत घेतली, वारस नाही म्हणून. भाऊबंदकीतली निम्मी पहिली लेकरं त्या खोलीतली, आणि वारस नाही.

पुढे आम्ही इथे डिंडोलीत आमच्या हिमतीने घर बांधलं. विमल भर दुपारीही कडी लावून बसायची. मी बाहेरून आलो की विचारायची, कोण. म्हातारपणी मी चिडायचो, म्हणायचो, या वयात कोण येणार आहे तुझ्याकडे. आता मी आलो की दार उघडंच असतं. सून म्हणते, बाबा, कडी लावत जा. मी लावत नाही.

यंदा कानबाईला सूनबाईने तयार पिठाची पिशवी आणली. मी ती उचलून फळीवर ठेवली आणि गहू घेऊन स्वतः बसलो. पुरुषाने बसायचं नसतं. बसलो. आण्णाच्या दोन मुठी घातल्या, मेलेल्याच्या घालत नाहीत तरी घातल्या. मग पोराची, नातवांच्या, माझी. आणि मग माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं विमल सगळ्यांच्या मुठी घालत आली आणि तिची मूठ त्यात कधीच नव्हती. मायचीही नव्हती. बायकांची मोजत नाहीत. मी जन्मभर त्या मोजणीदाराला शिव्या दिल्या की त्याला आमची घरं मोजता आली नाहीत, आणि इथे माझ्या मांडीवरचं सूप बघा. मी मायच्या नावाने एक मूठ घातली. मग विमलच्या नावाने घातली. माझी मूठ आता लहान झाली आहे, अर्धे गहू सांडतात. म्हणून आणखी एक घातली. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, ही कोणाची?"

मी म्हणालो, घरातल्याच माणसाची. दळून आण.